गोटमारीचं मानसशास्त्र कोणी मोजलं?

पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबती निघतात, गल्लोगल्ली पोरांचा तान्हा पोळा भरतो. त्याच दिवशी तिथून वायव्येला, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं राहतं. झाडाला झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दिवसभर दगड. झाड तोडून झेंडा हाती आला की गोटमार थांबते, झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दर वर्षी शेकडो माणसं जखमी होतात. काहींचा जीवही गेला आहे. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी दगडच उचलले.

मग बातम्या येतात. ‘खुनी खेळ’ हा मथळा ठरलेला, आणि खाली बरेचदा मानसशास्त्राच्या दोन ओळी: गर्दीत माणूस स्वतःला विसरतो, झुंडीला डोकं नसतं, चेहरा हरवला की आतलं जनावर जागं होतं. वाचणारा मान डोलावतो, कारण हे ऐकायला शास्त्रासारखं वाटतं. मला मात्र या ओळींपाशी थांबावंसं वाटतं. कारण त्यांच्यामागे खरोखर काय आहे हे शोधायला गेलं, की हाती लागणारी गोष्ट बातमीपेक्षा कितीतरी अद्भुत निघते.

‘झुंडीला डोकं नसतं’ हा विचार लोकप्रिय केला तो गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकानं, 1895 सालच्या पुस्तकात. ल बाँचं शिक्षण वैद्यकाचं, पण त्यानं या पुस्तकासाठी एकही प्रयोग केला नव्हता. पॅरिसमधले उठाव आणि 1871 चं कम्यून पाहून धास्तावलेल्या माणसाचं ते मत होतं. सव्वाशे वर्षांनंतरही ते मत आपल्या पेपरांत ‘मानसशास्त्र सांगतं’ म्हणून छापून येतं.

पुढे प्रयोग झाले, आणि त्यांतला एक मला फार आवडतो. 1979 मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग या अमेरिकी संशोधकांनी काही मुलींना वेगवेगळे पोशाख दिले. काहींना कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या झग्यासारखे झगे, तर काहींना नर्सचा गणवेश. समोरचा माणूस चुकला की त्याला द्यायचा विजेचा झटका वाढवायचा की कमी करायचा, एवढंच त्यांनी ठरवायचं होतं. झटके अर्थात खरे नव्हते. काही मुलींची ओळख लपवलेली होती, काहींची उघड. ल बाँ खरा असता, तर ओळख लपलेल्या सगळ्याच मुली जास्त क्रूर व्हायला हव्या होत्या. तसं झालं नाही. क्लॅनच्या झग्यातल्या मुलींनी झटके वाढवले, नर्सच्या गणवेशातल्यांनी कमी केले, आणि ओळख लपलेली असताना तर नर्सच्या वेशातल्या मुली आणखीच सौम्य वागल्या! ओळख लपल्यानं जनावर जागं झालं नव्हतं. अंगावरच्या वेशाला जे शोभेल ते घडत होतं. पुढे 1998 मध्ये पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी असे 60 अभ्यास एकत्र तपासले. गर्दीत माणूस नियम विसरतो याला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. उलट त्या गर्दीचा जो नियम असेल, तो माणूस जास्त घट्ट धरतो असं दिसलं.

आता हे डोक्यात ठेवून जामच्या काठाकडे पाहा. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, काठ ठरलेले. झाड कुठे उभं करायचं आणि झेंडा शेवटी कोणत्या देवळात जायचा, तेही ठरलेलं. दगड मारणाऱ्याचा चेहरा उघडा असतो आणि समोरच्या काठावर त्याला नावानं ओळखणारी माणसं असतात. झेंडा मिळाला की हजारो हात थांबतात. बेभान झुंडीला असं थांबता येईल का? दगडानं हाड मोडतं ते नियम पाळून मारला तरी मोडतं, आणि ही हिंसा थांबलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण ‘डोकं नसलेली झुंड’ हे निदानच चुकलं असेल तर उपाय कसा लागू पडेल? रबरी चेंडू का चालले नाहीत, याचा धागाही कदाचित इथेच सापडेल: हातात द्यायची वस्तू बदलली, पण गावानं आपल्याशी ठरवून ठेवलेला नियम तोच राहिला. हा माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे, आणि तो अंदाज म्हणूनच वाचावा.

मोजणं म्हणजे काय, ते स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावानं दाखवलं. तिथे जूनमध्ये दर वर्षी मध्यरात्री लोक निखाऱ्यांवरून चालतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके नोंदवणारी यंत्रं लावली होती. निखाऱ्यांवर एक माणूस चालत होता, आणि बाजूला नुसत्या बसलेल्या त्याच्या नातलगांचे आणि मित्रांचे ठोके त्याच्या ठोक्यांबरोबर चढत-उतरत होते. बाहेरून आलेल्या परक्या प्रेक्षकांच्या बाबतीत असा मेळ दिसला नाही. अंगावर काटा येतो हे वाचताना. तरीही लक्षात ठेवायला हवं की ती एका गावातली एक रात्र होती आणि यंत्रं लावलेली माणसं 38. पांढुर्ण्याच्या काठावर उभ्या असलेल्या आईच्या काळजाबद्दल तो अभ्यास काहीच सिद्ध करत नाही.

मोजणी नसते तिथे कहाण्या उरतात, हे पांढुर्णा जिल्ह्यातच पाहायला मिळतं. सौसर तालुक्यात जामसावळीला पहुडलेल्या हनुमानाचं देऊळ आहे. भूतबाधा झाली, डोक्यावर परिणाम झाला, असं ज्यांच्याबद्दल घरचे म्हणतात अशा माणसांना तिथे आणतात. काही मुक्कामाला राहतात. ‘बरे झाले’ अशा कहाण्या आजूबाजूच्या गावांत सहज ऐकायला मिळतात.

या कहाण्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. 2002 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या आर. रघुराम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तामिळनाडूतल्या अशाच एका देवळाचा अभ्यास छापला. तिथे राहिलेल्या 31 मनोरुग्णांची आल्यावर आणि जाताना तपासणी केली. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. लक्षणांचा गुणांक जवळजवळ 20 टक्क्यांनी उतरला होता. हा बदल औषधांनी होणाऱ्या सुधारणेच्या तोडीचा असल्याचं त्यांनी नोंदवलं. ‘देवळानं मनोरुग्ण बरे केले’ असा मथळा यावरून कोणीही करेल.

पण मानसिक आजार चढतो आणि उतरतो. घरचे माणसाला देवळात नेतात ते बरेचदा दुखणं अगदी विकोपाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं सहा आठवड्यांत बरेचदा काही ना काही उतरतं, घरी राहूनही उतरू शकतं. शिवाय नवस फेडायला परत येतो तो गुण आलेला, आणि ज्याला गुण आला नाही त्याची कहाणी कोणी सांगत नाही. देवळाचा परिणाम किती आणि काळाचा किती, हे कळायला देवळात न गेलेली तशीच माणसं मोजावी लागतात. त्या 31 जणांच्या शेजारी अशी माणसं नव्हती. म्हणून जामसावळीला जाणाऱ्यानं जरूर जावं, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत.

न गेलेल्यांनाही मोजणारा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. अलाहाबादच्या 2011 च्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी महिनाभर नदीकाठी राहणारे 416 कल्पवासी निवडले, आणि त्यांच्याबरोबर मेळ्याला न गेलेले 127 जण. थंडी, गोंगाट, गर्दी, गैरसोय असा तो महिना. मेळ्याआधी आणि मेळा संपल्यावर महिन्याभरानं दोन्ही गटांना तब्येतीबद्दल विचारलं. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवाशांना जास्त बरं वाटत होतं! ज्या गर्दीला ल बाँ बुद्धी हरवणारी म्हणत होता, तिच्यात महिनाभर राहून माणसं ताजीतवानी होऊन परतली होती. अर्थात ही उत्तरं लोकांनी स्वतः दिलेली, आणि मेळ्याला जायचं की नाही हेही ज्यानं त्यानं ठरवलेलं. तरी त्या 127 माणसांमुळे हा निष्कर्ष कहाणीच्या पुढे जातो.

येत्या करीला गोटमारीची बातमी वाचाल तेव्हा ‘मानसशास्त्र सांगतं’ या शब्दांवर बोट ठेवा. पांढुर्ण्यातल्या आणि सावरगावातल्या किती माणसांना कोणी काय विचारलं होतं, आणि दगड न उचलणाऱ्यांनाही विचारलं होतं का, हे त्या बातमीत शोधा. सापडलं नाही, तर पेपरला दोन ओळींचं पत्र लिहून विचारा.