गाविलगडाचें सर्वदिग्दर्शी चित्र व त्याची संकेतस्थळावरील योजना

चांदूर बाजार व अचलपूर या बाजूचे संशोधक गाविलगडास गेले म्हणजे दिल्ली दरवाज्यावरील गंडभेरुंडाचें एखादें छायाचित्र घेऊन परततात. तें शिल्प दरवाज्याच्या कोणत्या अंगास आहे, तेथून तट कोणीकडे वळतो, चढणारा मनुष्य कोठून माऱ्यांत येई, हें त्या तुकड्यावरून कळत नाहीं. दप्तर सोडून एकच कागद उतरून आणावा तसाच हा प्रकार. सर्वदिग्दर्शी चित्राचा खरा उपयोग येथें आहे.

कल्पना नवी नव्हे. रॉबर्ट बार्कर यानें वर्तुळाकार चित्राचा हक्क १७८७ सालीं नोंदविला. १८०० सालीं केर पोर्टरनें काढलेलें श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचें विशाल चित्र लंडनकरांनीं पाहिलें. तेथें प्रेक्षक मान फिरवी, आतां चित्रच बोटानें फिरतें.

कॅमेरा एकाच बिंदूभोंवतीं फिरवून घेतलेलीं चित्रें सांधलीं म्हणजे ३६० अंश रुंद व १८० अंश उंच असें सपाट चित्र होतें. तें तसेंच पृष्ठावर ठेविलें तर सरळ तट धनुष्यासारखा वांकलेला दिसतो. तें गोलाच्या आंतून पाहिल्याप्रमाणें दाखविण्याचें काम ‘पॅनेलम’सारखी मोफत प्रणाली करते. पृष्ठांत तिच्यासाठीं चौकट राखावी व चित्राचा पत्ता द्यावा. चित्र परक्या संगणकस्थानीं असल्यास तेथील अनुमतीवांचून ब्राउझर तें तिच्या हातीं देत नाहीं. चौकट कोरी राहिल्यास प्रथम हेंच तपासावें.

शिलालेख वाचण्याची आशा मात्र यांतून धरूं नये. चित्र ८००० बिंदु रुंद असलें तरी एका अंशास सुमारें २२ बिंदूच येतात. सहा मीटरांवरील मीटरभर रुंदीची शिळा साडेनऊ अंश व्यापते, म्हणजे अवघे २१० बिंदु! बहराम बुरुजावरील ज्या लेखावरून १५७७ हें साल निघतें, तो एवढ्यांत कोण वाचणार? त्याचें छायाचित्र व ठसा निराळा घ्यावा आणि त्या जागेचे आडवे व उभे कोन प्रणालीस देऊन चित्रांत खूण ठेवावी. खुणेवर बोट ठेवतांच तें छायाचित्र उघडतें.

चौकटीवर फार विसंबूं नये. १९९५ सालीं निघालेलें ‘क्विकटाइम व्हीआर’ मागें पडलें. ‘फ्लॅश’चा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. केवळ त्यांच्याच रूपांत ठेविलेलीं दर्शनें आजच्या ब्राउझरांत उघडत नाहींत. म्हणून मूळ सपाट चित्र निराळें जतन करावें आणि त्यासोबत तारीख, कॅमेऱ्याची जागा व उत्तर दिशा कोणत्या अंशावर येते हें लिहून ठेवावें. प्रणाली बदलली तरी खुणांचे कोन त्यावरून पुन्हां बसवितां येतात.