मेंदूचा कोणता भाग कोणते काम करतो?

चांगला धडधाकट माणूस सकाळी उठतो तो तोंड वाकडे, उजवा हात लुळा आणि शब्द फुटत नाही. लगेच कोणीतरी म्हणते, "बाहेरचे लागले आहे, भगताकडे न्या." आपण सर्वांनीच हे कधी ना कधी ऐकले आहे. मित्रांनो, याचे उत्तर भगताकडे नाही, मेंदूत आहे.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजत असे, पण त्याच्या तोंडून "टॅन" या शब्दाखेरीज फारसे काही निघत नसे. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. पुढे १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी डावीकडचाच, पण मागचा एक भाग दाखवला. तिथे इजा झाली तर माणूस भराभर बोलतो, पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. बोलणे आणि समजणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे यातून कळले.

इतर कामांचेही असेच आहे:

- कपाळामागचा भाग : विचार, निर्णय, स्वतःवर ताबा
- डोक्याचा मागचा भाग : दृष्टी
- कानाजवळचा भाग : ऐकणे, आठवणी साठवणे
- लहान मेंदू : तोल आणि हालचालींचा मेळ
- मेंदूचा देठ : श्वास आणि हृदयाचे ठोके

मात्र कोणताही भाग एकटा काम करत नाही. सर्व भाग एकमेकांशी जोडलेले असतात.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. म्हणून उजवा हात आणि वाचा एकदम गेली, तर डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी. हाच पक्षाघात. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन केल्यावर.

अंगारा लावण्यात गेलेला एक तास परत येत नाही. आपल्या वस्तीत असे कोणी दिसले तर आपण १०८ ला फोन करू आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ते डॉक्टरांना सांगू.