पहाटेची आरती, रात्रीची अयोध्या

काशीयात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबाकडे एक वेळापत्रक असतं. पूर्वी ते वहीत असायचं, आता व्हॉट्सॲपवर. पहाटे विश्वनाथाची मंगला आरती, मग नाश्ता, दुपारी प्रयागला त्रिवेणी स्नान आणि वेणीदान, रात्री अयोध्येला मुक्काम. वाचायला सोपं वाटतं. प्रयाग काशीहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, तिथून अयोध्या पावणेदोनशेच्या आसपास. पण मंगला आरती तीन वाजता सुरू होते. त्यासाठी मंडळींना दोनच्या आधी मंदिराजवळ मैदागिनला उतरवायचं, तर ड्रायव्हरने एकला उठायला हवं. अयोध्येत तो हँडब्रेक ओढतो तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. एकवीस तास झाले. मंडळींनी मधल्या वेळात मागे माना टाकून दोन झोपा काढलेल्या असतात.

गाड्यांचे अपघात का होतात हे समजून घ्यायचं म्हणून मी बनारसमधल्या एका जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून प्रयागपर्यंत गेलो. जानेवारी महिना, ‘यूपी ६५’ची पिवळी पाटी, सात आसनांची गाडी. मागे सांगलीकडचं कुटुंब होतं: काका, काकू, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. पहिली चकमक आदल्या संध्याकाळीच झडली होती. आरतीला गाडी नेणार नाही, टोटोने जा, असं ड्रायव्हरने स्वच्छ सांगितलं. इथे ई-रिक्षेला टोटो म्हणतात आणि ती रात्रीबेरात्री मिळते. काकांना ते पटलं नाही. गाडीचे पैसे दिवसाचे दिलेत, मग टोटोचे वेगळे का? “बाबूजी, हम छह घंटा सोएँगे, तब चलेंगे,” एवढंच बोलून तो पार्किंगकडे गेला.

सकाळी आठला गेलो तर तो टायरपाशी उकिडवा बसलेला. हवा त्याने गाडी गार असतानाच तपासून घेतली होती, कारण चाललेल्या गाडीचं टायर तापून दाब वाढलेला दाखवतं. किती हवा हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. आपण मात्र पंपावरच्या पोराला “तीस भर” म्हणून मोकळे होतो. मग त्याने टायरच्या खाचांतून अंगठा फिरवला. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि कायद्याने ते टायर बाद होतं. पुढचे दिवे, मागचे दिवे आणि आरसे त्याने ओल्या वर्तमानपत्राने पुसले. मागचे दिवे पुसणारे ड्रायव्हर मी फारसे पाहिलेले नाहीत. धुक्यात आपण दिसणं आपल्याला दिसण्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे त्याच्या हातांना माहीत होतं.

त्यानंतर सामान. काकूंनी गंगाजलाचे सीलबंद तांब्याचे गडू आणि एक पाच लिटरचा कॅन घेतला होता. कॅन पुढे पायाशी ठेवू म्हणाल्या, सांडायला नको. ड्रायव्हरने तो उचलून डिकीत दोन बॅगांच्या मधे घट्ट बसवला. पुढे सुटी बाटलीसुद्धा तो राहू देत नाही. ब्रेक लावला की ती घरंगळत येते आणि पेडलखाली अडकते. पुढच्या वेळी ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. अशा अपघाताला नंतर ‘ब्रेक फेल’ म्हणतात.

मागच्या सीटचे पट्टे हा माझ्या मते सगळ्यात लाजिरवाणा प्रकार आहे. बहुतेक टूरच्या गाड्यांत नवं सीट कव्हर चढवताना पट्ट्याची कुलपं त्याच्याखाली गाडली जातात. या गाडीत कव्हरला कात्रीने चिरा देऊन ती वर काढलेली होती. सून लगेच पट्टा लावून बसली. काका म्हणाले, मागे कशाला? ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागेच, पट्ट्याविना. गाडी थांबते तेव्हा आतला माणूस थांबत नाही. तो गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो आणि तिथे बसलेल्यालाही चिरडतो. मी हे सांगत असताना नातवाने आजोबांच्या पट्ट्याची खटकी स्वतः लावली. पट्टा न लावता बीप बंद करणाऱ्या नुसत्या खटक्या ऑनलाइन विकल्या जायच्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती विक्री थांबवायला लावली. जीव वाचवणारा आवाज बंद करायला लोक पैसे मोजत होते!

निघायला नऊ वाजले, कारण धुकं. माघमेळा आणि पूर्व उत्तर प्रदेशातलं धुकं एकाच हंगामात येतात; यात्रेची सगळ्यात मोठी गर्दी आणि सगळ्यात कमी दिसणारा रस्ता एकत्र. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपर आणि फॉग लॅम्प. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची पद्धत इकडे फार आहे. त्याने मागच्याला कळत नाही की हा उभा आहे, चाललाय की वळतोय. आमचा ड्रायव्हर त्याला शिव्या देतो. तो स्वतः धुकं दाट असलं की निघतच नाही.

शहरात काही घडलं नाही. लहरतारापर्यंत सायकली, टोटो, म्हशी आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, पण वेग वीसचा. इथे गाड्यांना ओरखडे येतात, जीव क्वचित जातो. मोहनसरायला राष्ट्रीय महामार्ग १९ लागला, जुना ग्रँड ट्रंक रोड, आणि मागच्या सीटवर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ड्रायव्हर तिथेच सावरून बसला. राजातालाब ते हंडिया हा ७३ किलोमीटरचा सहापदरी रस्ता नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला. गुळगुळीत, सरळ. गाडी ८० च्या आसपास स्थिर होती. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या बऱ्याच गाड्या ८० वर रोखणाऱ्या यंत्रासह येतात आणि काही जण ते काढूनही टाकतात. बाजूने पांढऱ्या पाटीच्या गाड्या सणसणत जात होत्या. काकांना राहवेना. “भैया, थोडा दाबो ना!”

त्याने दाबलं नाही. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काही दिसलं, मेंदूने ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ३५. म्हणजे सत्तर मीटरच्या आसपास. रात्री डिपरच्या उजेडात रस्ता पन्नासेक मीटर नीट दिसतो. याचा सरळ अर्थ असा की रात्री ८० ने चालवणारा आपल्याच दिव्यांच्या पुढे धावत असतो. उजेडात दिसलेल्या वस्तूवर आदळणं टाळणं त्याच्या हातात उरत नाही.

आणि त्या अंधारात वस्तू भरपूर असतात. मागचे दिवे नसलेल्या विटांच्या ट्रॉल्या. पंक्चर काढायला लेनमध्येच उभे केलेले ट्रक. छुट्टा सांड. विदर्भात जिला रोही म्हणतात ती नीलगाय, जी उडी मारून येते आणि एकटी येत नाही. दुभाजकात ढाबेवाल्यांनी पाडलेले ‘कट’. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच महामार्गावर, मिर्झामुराद-कछवाच्या हद्दीवर, मजूर घेऊन बनारसकडे येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रात्री मागून ट्रकने धडक दिली. दहा जण गेले. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, शहराच्या दुसऱ्या बाजूला लखनौच्या रस्त्यावर करखियावजवळ पिलीभीतच्या एका कुटुंबाची कार ट्रकवर गेली. आठ मृत्यू, एक लहान मूल वाचलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुंभाला निघालेल्या कोरब्याच्या दहा भाविकांची बोलेरो मेजाजवळ बसला धडकली, तीही मध्यरात्रीच्या सुमारास.

ड्रायव्हरची नजर कधी समोरच्या गाडीवर थांबलेली मी पाहिली नाही. ती त्या गाडीच्या पलीकडे, तिच्या काचांतून आरपार, कधी ट्रकच्या पोटाखालून पुढच्या सावल्यांवर असायची. समोरच्या ट्रकने एखादा खांब ओलांडला की तो मनात एक-दोन-तीन मोजायचा. तीनच्या आधी आपण खांबापाशी पोहोचलो तर पाय सैल. त्या मोकळ्या जागेत दर दोन मिनिटांनी कुणीतरी घुसायचं. तो पुन्हा मागे राहायचा. काकांना हा शुद्ध बावळटपणा वाटत होता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि दहातले सात मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात गेले. त्या तक्त्यात उलटी दिशा, मद्यपान, सिग्नल तोडणं, मोबाइल असे रकाने आहेत. झोपेचा रकाना नाही. दारू रक्तात सापडते, मोबाइलची नोंद राहते, पण डुलकी पंचनाम्यात सापडत नाही. ९० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटर कुणाच्याही हातात नसते. ब्रेकच्या खुणा उमटत नाहीत. मग पोलीस वेग लिहितात, आणि तेही खोटं नसतं.

१९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत होता. त्यात चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ अशी मर्यादा घातलेली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यांना मुळात लागू व्हायचा. एक-दोन गाड्यांचा टूरवाला त्याच्या बाहेरच होता. शिवाय झोपायचं कुठे? यात्रेकरूंच्या हॉटेलात ड्रायव्हरला खोली नसते. तो पार्किंगमध्ये सीट मागे पाडून झोपतो, डासांत नाहीतर थंडीत, आणि दर दोन तासांनी कुणीतरी गाडी मागे घ्यायला त्याला उठवतं. रात्रीच्या भत्त्याचे दोनतीनशे रुपये घासाघीस करून वाचवणाऱ्या कुटुंबांचा मला राग येतो. तेच लोक विम्याच्या हप्त्याबद्दल चौकस असतात.

प्रयागला स्नान झालं, वेणीदान झालं, गर्दीत नातू अर्धा तास सापडेना. झुसीला गाडीपाशी परतलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, अंधार होता आणि गंगेवरून धुकं चढायला लागलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, आज इथेच राहा, अयोध्या उद्या नऊला. काकांनी अयोध्येच्या खोलीच्या आगाऊ पैशांचा हिशेब मांडला. मुलाने हॉटेलला फोन लावला. अर्धे पैसे जातील, उरलेले उद्याच्या खोलीत धरू, असं ठरलं. मग त्याने झुसीतल्या लॉजमध्ये विचारलं की ड्रायव्हरला खाट मिळेल का. मिळेल, दीडशे रुपये, रजाईसकट. काका अजून म्हणत होते की रस्ता रिकामा असतो रात्री, तीन तासांत पोचलो असतो.

“तुम्ही पोचा,” काकू म्हणाल्या, “मी पहाटे दोनपासून जागी आहे.”