शेपटीची बाजू कुठली?

कोंबडीचं अंडं आडवं धरा. बोथट टोक डावीकडे, निमुळतं उजवीकडे. आत पिल्लू घडत असेल, तर बहुतेक अंड्यांत त्याची शेपटी तुमच्या बाजूला आणि डोकं पलीकडे सापडतं. एकोणिसाव्या शतकातले गर्भवैज्ञानिक कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तो पाठ करायला एक मिनिट पुरतं. पण बलकावरच्या ज्या पांढुरक्या ठिपक्यातून पिल्लू घडतं, त्यातल्या सगळ्या पेशी सारख्याच दिसत असताना पुढचं-मागचं ठरतं कसं, हा प्रश्न पडला की पेशी आणि विकास जीवशास्त्र या विषयाला खरी सुरुवात होते.

बेंगळुरूच्या दक्षिणेच्या आनेकल तालुक्यात हा विषय दोन टोकांनी भेटतो. बोम्मसंद्रच्या औद्योगिक वसाहतीत बायोकॉन आहे. यीस्टच्या पेशींकडून इन्सुलिन बनवून घेणारी ही कंपनी. तिथे टाकीतल्या प्रत्येक पेशीला शेजारणीसारखंच वागावं लागतं, एखादी वेगळी वागू लागली तर तो बिघाड. त्याच तालुक्यात सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. २०१० च्या सुमारास राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठात जीवशास्त्राची पदवीही घेता येते. वर्गातल्या अंड्यात गणित नेमकं उलटं असतं. एका पेशीच्या लेकी-नाती एकमेकींपासून वेगळ्या झाल्या नाहीत तर पिल्लूच होणार नाही. जनुकं सगळ्यांकडे तीच, मग एक हृदयाची आणि दुसरी पिसाची का झाली? पेशींचा पेपर आणि विकासाचा पेपर वेगवेगळे शिकलेल्या मुलाला हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो.

गुरुत्वाकर्षणाचा हात

शेपटीचं उत्तर अंडं घातलं जाण्याच्या आधीच ठरलेलं असतं. कवच तयार होत असताना अंडं कोंबडीच्या गर्भाशयात सुमारे वीस तास असतं आणि तासाला दहा-बारा फेऱ्या या गतीने फिरत राहतं. बलकाचा हलका भाग वर येऊ पाहतो, पांढुरक्या ठिपक्यातली पेशींची चकती त्यामुळे कलते आणि वर राहिलेली कड पुढे शेपटीची होते. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या कोखाव आणि एयाल-गिलादी यांनी गर्भाशयातून काढलेली अंडी ठरावीक स्थितीत धरून हे दाखवलं: वरची बाजू बदलली की शेपटीची बाजूही बदलली. अंडं बाहेर येतं तेव्हा चकतीत वीस ते साठ हजार पेशी असतात आणि शरीराचा एक अक्ष ठरून गेलेला असतो.

पुण्याची परंपरा

असे प्रश्न हाताने सोडवण्याची परंपरा मराठी मुलखात नवी नाही. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या लीला मुल्हेरकर एडिंबरोला कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे शिकल्या होत्या. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या गर्भातही 'संघटक', म्हणजे शेजारच्या पेशींना वळण लावणारा, भाग असतो, हे १९३० च्या दशकात दाखवून देणारे हेच वॉडिंग्टन. त्याआधी, १९२४ मध्ये, हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या गर्भाचा एक तुकडा दुसऱ्या गर्भात बसवून तिथे दुसरा देह उभा केला होता. १९५८ च्या मुल्हेरकरांच्या शोधनिबंधात प्रश्न असा होता: कोंबडीच्या गर्भात मधोमध उमटणारी प्राथमिक रेषा सोडून तिच्या बाजूच्या भागांतही शेजारच्या पेशींना वळण लावण्याची ताकद आहे का? दोन वर्षांनी त्यांनी ट्रिपान ब्लू या रंगाचा शरीराबाहेर वाढवलेल्या गर्भावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला.

शरीराबाहेर गर्भ वाढवण्याची सोपी रीत डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये दिली. बलकावरचं पातळ आवरण गर्भासकट सोडवून घ्यायचं, काचेच्या कड्यावर ताणून बसवायचं, खाली अंड्याचा पांढरा भाग ओतायचा आणि वॉचग्लास उबेत ठेवायचा. महागडं काहीच लागत नाही, लागतो तो न थरथरणारा हात.

पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भाबरोबर हायड्रालाही हाताशी धरलं. गोड्या पाण्यातल्या या काही मिलिमीटरच्या प्राण्याचं डोकं कापलं तर दोन-तीन दिवसांत नवं येतं. हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्याच्या धडावर बसवला की तिथे नवं डोकं फुटतं, हे एथेल ब्राऊन यांनी १९०९ मध्येच, म्हणजे श्पेमान-मांगोल्ड यांच्या पंधरा वर्षं आधी, दाखवलं होतं. नोबेल मात्र १९३५ मध्ये एकट्या श्पेमान यांना मिळालं.

जर्नलातलं चित्र

आपल्या बहुतेक महाविद्यालयांत गर्भविज्ञानाचं प्रात्यक्षिक म्हणजे १८, २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या गर्भाच्या तयार स्लाइड. मुलं चित्र काढतात, बाण दाखवून नावं देतात, जर्नलवर सही घेतात आणि व्हायव्हात तीच नावं सांगतात. यूजीसीने २०११ पासून प्राण्यांची चिरफाड कमी करायला सांगितली आणि २०१४ मध्ये ती थांबवली. मोकळ्या झालेल्या तासांत अनेक ठिकाणी पडद्यावरची चित्रफीत आली.

त्या तासांत एक अंडं मावतं. बाजारातलं चालणार नाही, ते बहुधा फलित नसतं. हॅचरीतून किंवा गावरान कोंबड्या पाळणाऱ्याकडून आणावं लागतं. ३७.५ ते ३८ अंशांच्या उबेत ते दीड दिवस ठेवायचं. मग सिरिंजने थोडा पांढरा भाग काढून घ्यायचा, म्हणजे गर्भ कवचापासून खाली उतरतो. वरून चिकटपट्टी लावून कात्रीने गोल खिडकी कापायची आणि कोमट सलाइनचे थेंब सोडायचे. पिवळ्यावर गर्भ धड दिसत नाही, म्हणून त्याच्या खाली थोडी पातळ केलेली शाई सोडतात. काळ्या पार्श्वभूमीवर पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सोमाइट या पेशीगठ्ठ्यांच्या चौकोनी जोड्या उठून दिसतात. साधारण दर दीड तासाला एक जोडी वाढते, त्यामुळे जोड्या मोजून गर्भाचं वय सांगता येतं. हृदय म्हणजे तेव्हा नुसती वाकडी नळी, तीही धडधडू लागलेली असते. रक्ताचं अभिसरण मात्र अजून धड सुरू झालेलं नसतं. मग हृदय धडधडतंय कशासाठी? स्लाइडवरच्या मेलेल्या, रंगवलेल्या गर्भापुढे हा प्रश्न कुणाला सुचत नाही.

थर्मोकोलचा खोका, बल्ब आणि थर्मोस्टॅट यांचं उबवणयंत्र तालुक्याच्या महाविद्यालयालाही परवडतं. अडचण पैशाची कमी, प्रश्नपत्रिकेची जास्त. 'तेहतीस तासांच्या गर्भाची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' असं विचारलं तर मुलं आकृतीच पाठ करणार. 'गर्भाशयातलं अंडं उभं टांगून ठेवलं तर शेपटी कुठे येईल आणि का?' असं विचारून पाहावं. चुकलेलं उत्तरही तिथे गुण द्यायच्या लायकीचं निघू शकतं, कारण ते लिहिण्याआधी मुलाला पेशीचा विचार करावा लागलेला असतो.