रावण कोणाच्या घरचा?

रात्रीचे अकरा वाजून गेलेले. मोखाड्याच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे दाटीवाटीने बसलेली, निम्मी लेकरे आयांच्या मांडीवर झोपलेली. वरच्या अंगाला संबळ कडाडतो, सनई सूर धरते, टेंभ्यांचा उजेड हलतो आणि गणपती नाचत येतो. मागोमाग सरस्वती. मग विष्णूचे अवतार, त्राटिका, हिडिंबा, भीम, वेताळ, रावण. एक सोंग देवळाकडे सरकले की मागे दुसरे सजून उभे. सगळी मिळून बावन्न सोंगे, असे म्हणायची रीत आहे. मोजायला बसलेल्याला मध्येच डुलकी लागते आणि हिशेब चुकतो, हा भाग वेगळा.

हा बोहाडा. फाल्गुनातल्या शिमग्यापासून वैशाखापर्यंत मोखाडा, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांतली गावे आपापल्या सोयीने तो भरवतात. घाटावर सुरगाणा-पेठकडे आणि पलीकडे गुजरातच्या डांगात तो थोड्या वेगळ्या नावांनी, थोड्या वेगळ्या रूपांत भेटतो. कुठे तीन रात्री चालतो, कुठे त्याहून जास्त. शेवटच्या रात्रीचा मान जगदंबेचा. उजाडताना ती महिषासुराशी भिडते, बायका आरतीची ताटे घेऊन पुढे होतात, नवसाचे नारळ फुटतात.

बोहाड्याला दिग्दर्शक नाही, तिकीट नाही, संस्थेची पाटी नाही. आहे तो सोंगांचा वाटा. गावात ‘रावण कोण करतो?’ यापेक्षा ‘रावण कोणाच्या घरचा?’ हा प्रश्न अधिक बरोबर. सोंग घराण्यात चालत येते, बापाकडून मुलाकडे. मुखवटा सांभाळायचा, रंग उडाला तर द्यायचा, वर्षातून एकदा तो घालून नाचायचे, हे त्या घराचे काम. काही गावांत सोंगांची बोली लागते आणि ते पैसे उत्सवाच्या खर्चाला येतात. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, वाजपही त्या चालीला धरून. वेताळाच्या पावलांनी गणपती नाचला तर गाव हसेल.

शहरात ‘स्वतःला व्यक्त करणे’ हा शब्दप्रयोग फार चालतो. इथे नाचणारा आधी स्वतःचे तोंड झाकतो. डोक्याला फडके गुंडाळायचे, वर जड मुखवटा बांधायचा, आणि बारीक भोकांतून दिसेल तेवढ्या रस्त्यावर पाऊल टाकायचे. तरीही कडेला बसलेली एखादी म्हातारी नुसत्या पावलांवरून सांगते की हा अमक्याचा नातू, याचा आजा असाच डावीकडे झुकायचा. झाकलेल्या तोंडाची ओळख पटते ती अशी.

मुखवटे पूर्वी प्रामुख्याने लाकडाचे असत. लाकूड टिकते, पण मानेला जड. नंतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले: साच्यावर लगद्याचे थर चढवायचे, वाळवायचे, मग रंग. जव्हारजवळचे रामखिंड हे या कामासाठी नावाजलेले गाव. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात असे मुखवटे मांडलेले आहेत. तिथे ते काचेआड शांत दिसतात, आणि ज्याने ते टेंभ्याच्या उजेडात हलताना पाहिले आहेत त्याला थोडे चुकल्यासारखे वाटते.

या मुलखाची बाहेर पोचलेली ओळख मात्र वेगळी आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले गेली, तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की वर्तमानपत्राला तोच मथळा आठवतो. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत, तीत नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच, कोचाळे गावाजवळ आहे. आणि बोहाड्याला पाहुणे येतात त्याच दिवसांत मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

भातकापणी उरकली, दिवाळी झाली की घरेच्या घरे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. शिमग्याला परततात. बोहाडा शिमग्यानंतर का, याचे उत्तर पंचांगात शोधावे तेवढेच या परतीच्या वाटेवरही शोधावे. सोंग ज्याच्या घरचे, तो गावात असायला हवा ना!

दिवाळीच्या सुमाराची कला दुसरी आहे. पाऊस सरला, नवे भात आले की तारपा बाहेर निघतो. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वादक मध्ये उभा राहतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि फेर सापासारखा गुंडाळत-उलगडत जातो. अवघड गोष्ट श्वासाची. नाच तासन्‌तास चालतो आणि सूर तुटता कामा नये, म्हणून गालात हवा धरून फुंकत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा.

हे आयुष्यभर केलेले भिकल्या लाडक्या धिंडा जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे. वयाची नव्वदी गाठलेल्या या तारपावादकाचे नाव २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्रीच्या यादीत आले. याआधी २०११ साली पद्मश्री मिळाली होती ती डहाणूतल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना, वारली चित्रांसाठी. म्हणजे चित्रातला तारपेवाला आधी दिल्लीला पोचला आणि हाडामांसाचा पंधरा वर्षांनी. चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर, हॉटेलांच्या भिंतींवर त्या गोल नाचाचे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते. तारप्याचा आवाज कानांनी ऐकलेला माणूस मात्र फार भेटत नाही.

चित्रांचे मूळही कपात नव्हते. लग्नघराच्या भिंतीवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने सवासिणी चौक लिहीत. ‘लिहीत’ हाच इकडचा शब्द. चौकात पालघाट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले, तिथून ही चित्रे बाजारात निघाली आणि नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. बोहाड्यातही जगदंबेपासून हिडिंबेपर्यंतची स्त्री-सोंगे परंपरेने पुरुषांनीच नाचवली. या मुलखाच्या कलेचे कौतुक करताना हा हिशेब गिळून टाकता येत नाही.

बदल येतच आहेत. टेंभ्यांशेजारी आता विजेचे झोत असतात, जत्रेतल्या पाळण्यांचे भोंगे संबळावर कुरघोडी करतात. शोभेसाठी छोटे मुखवटे विकले जातात, आणि कारागिराच्या घरी त्याने चार पैसे येतात, तेव्हा नाक मुरडायचे कारण नाही. घोटाळा होतो तो शहरातल्या रंगमंचावर. संयोजक वीस मिनिटे देतात. वीस मिनिटांत गणपती, सरस्वती, रावण आणि जगदंबा! मोखाड्यात एकटा रावण तेवढा वेळ रस्ता अडवून नाचतो आणि कोणी घड्याळ पाहत नाही.

जगदंबेची आरती झाली की झुंजूमुंजू होते. मुखवटे उतरतात. घामाने भिजलेली पोरे घोटभर चहासाठी टपरीपाशी उभी राहतात. रावणाचा मुखवटा मात्र पोराच्या हाती देत नाहीत. तो म्हातारा बाप स्वतः फडक्यात गुंडाळतो आणि काखेत धरून घराची वाट धरतो.