सिटी घेण्याआधी मालकांची वही पाहा

आपल्या बाजारात कोणाचा धंदा जरा बरा चालला की पहिला विचार घराचा येतो आणि दुसरा गाडीचा. त्यातही पाठीमागे डिकी असलेली लांब गाडी दारात उभी राहिली म्हणजे माणूस 'शेठ' झाला, अशी एक समजूत पडून गेली आहे. यंत्रमागाचा धंदा करणाऱ्या आमच्या मालेगावात गेल्या पंचवीस वर्षांत या समजुतीचा सर्वांत जास्त फायदा होंडा सिटी या गाडीला झाला असे आम्हाला वाटते. कुटुंबाला पुरेल एवढी मोठी, दामाने ना फार हलकी ना फार भारी आणि पायाखाली वेग. तरुणांना वेग आवडतो, वडिलांना नाव आवडते, घरच्यांना मागची ऐसपैस सीट आवडते.

परंतु व्यापारी बंधूंनो, जाहिरात एक सांगते आणि मालकाची वही दुसरेच सांगते. आम्ही स्वतः ही गाडी आठ वर्षे वापरली, आणि बाजारातील अनेक मालकांशी या विषयावर बोललो. त्या अनुभवांतून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गाडीची थोडी ओळख

ही गाडी जानेवारी १९९८ मध्ये आपल्या देशात आली. तेव्हा कारखाना दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे होता. २००० साली तिचा व्ही-टेक नावाचा प्रकार निघाला, तो सुमारे १०६ अश्वशक्तीचा होता आणि त्याच्या वेगाचे किस्से अजूनही सांगितले जातात. व्ही-टेक म्हणजे काय, तर इंजिनाचे फेरे कमी असताना व्हॉल्व्ह कमी उघडतात आणि पेट्रोल वाचते. फेरे वाढले की तेच व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि गाडी एकदम झेप घेते. २००३ साली आलेल्या मॉडेलमध्ये कंपनीने वेगापेक्षा ॲव्हरेजकडे लक्ष दिले. त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते, पण ताकद अवघी ७७ अश्वशक्ती. २००८ च्या अखेरीस ११८ अश्वशक्तीचे नवे मॉडेल आले आणि वेगाचे शौकीन पुन्हा खूश झाले. २०१४ साली डिझेल सिटी आली, ती २०२३ मध्ये बंद झाली. २०२२ पासून पेट्रोलसोबत बॅटरीवर चालणारा हायब्रीड प्रकारही मिळू लागला.

जुनी गाडी घेणाऱ्याने हे सर्व लक्षात ठेवावे. नाव एकच, पण गाड्या वेगवेगळ्या. एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

वेगाचा अनुभव

आमच्या ओळखीचे एक सूत व्यापारी आहेत, आता सत्तरीला आलेले. त्यांनी २००० सालचीच व्ही-टेक नवी घेतली होती. मालेगाव ते मुंबई सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. सकाळी फज्रची नमाज पढून निघायचे आणि बाजार उघडायच्या वेळी मुंबईत हजर. आम्ही त्यांना गाडीबद्दल विचारले तेव्हा प्रथम त्यांचे डोळे चमकले, मग ते गप्प झाले. २००४ साली त्यांचा मुलगा रात्री कसारा घाटात ही गाडी घेऊन उतरत होता. समोर ट्रक, हाताशी वेग आणि वय एकवीस. मुलगा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. परंतु पायाला रॉड बसला आणि आजही तो जिना हळूच चढतो.

"गाडीने दगा दिला नाही," ते म्हणाले, "तिने तर दाबले तितके पळून दाखवले. दगा आम्ही दिला. चावी मुलाच्या हाती दिली आणि अक्कल द्यायची राहून गेली."

या एका वाक्यात वेगवान गाडीविषयीचे सर्व शहाणपण आले. झेप घेणारी गाडी ट्रकच्या मागे अडकल्यावर उपयोगी पडते यात शंका नाही. पण ज्याच्या घरी अठरा-वीस वर्षांचा मुलगा आहे, त्याने ताकदीचा आकडा वाचताना मुलाचा चेहराही डोळ्यांपुढे आणावा. आणि पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावावा. आपल्याकडे मागच्या सीटचे पट्टे बहुधा सीटकव्हरच्या खाली दाबलेले असतात.

हप्त्याचा अनुभव

दुसरे गृहस्थ मागाचे सुटे भाग विकतात. त्यांनी २०१८ साली आठ लाखांचे कर्ज काढून सिटी घेतली. दर १० टक्के, मुदत पाच वर्षे. हिशेब करून पाहा. महिन्याला सुमारे १७,००० रुपये हप्ता आणि साठ हप्त्यांत भरायचे सुमारे १० लाख २० हजार. म्हणजे गाडी वापरून जुनी होते, दाम उतरत जातो आणि वर दोन लाख वीस हजार व्याज.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. माग बंद तर सुटे भाग कोण घेणार? रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण त्या महिन्यांचे व्याज चालूच राहिले. या गृहस्थांनी आम्हाला सांगितले की त्या काळात गाडी दारात उभी असायची आणि ते खिडकीतून तिच्याकडे पाहतही नसत. शेवटी २०२१ मध्ये बायकोचे दागिने मोडून त्यांनी कर्ज फेडले. गाडी चांगली होती, तक्रार एकही नव्हती. तरी ते म्हणतात, "सुखाने एक दिवस चालवली नाही."

व्याजाची शरीअतमधील स्थिती आमच्या वाचकांना ठाऊक आहे, ती येथे सांगण्याची गरज नाही. आम्ही फक्त धंद्याची बाजू सांगतो. मागाचा धंदा मंदी-तेजीचा. मिळकत कधी येईल सांगता येत नाही, हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. आम्ही आमची गाडी जुनी घेतली ती बिनव्याजी भिशीच्या पैशाने. वीस व्यापारी, दोन वर्षे, आणि आमचा नंबर शेवटून तिसरा. वाट पाहावी लागली, पण गाडी आली तेव्हा पूर्ण आमची होती.

डिझेलचा अनुभव

एका सायझिंगवाल्यांनी २०१४ साली डिझेल सिटी घेतली. त्यांना महिन्यातून चार फेऱ्या सुरतेला असत, चालणे महिना अडीच हजार किलोमीटर. लिटरला वीस-एकवीसचे ॲव्हरेज मिळे. त्यांना गाडी परवडली आणि ते आजही समाधानी आहेत.

त्यांचे पाहून शेजारच्या दुकानदारानेही डिझेलच घेतली. यांचे चालणे घर ते दुकान आणि कधीतरी नाशिक, महिना सहाशे किलोमीटर. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाखाच्या आसपास महाग पडली होती. शिवाय ऑक्टोबर २०१४ पासून सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला आणि पेट्रोल-डिझेलमधील फरक पुढे कमी होत गेला. दुकानदाराचा तो लाख रुपया वसूल झालाच नाही. शेजाऱ्याचा धागा पाहून आपला काउंट ठरवू नये, ही गोष्ट आपण सुतात जाणतो, गाडीत विसरतो.

आमचा स्वतःचा अनुभव

आम्ही २०१४ मध्ये २०१० सालची पेट्रोल सिटी एका शहरातील दलालाकडून घेतली. मीटर ४२,००० दाखवत होते. गाडी आवडली. डिकी पाचशे लिटरच्या आसपास, त्यामुळे नमुन्याचे गठ्ठे आणि दोन बॅगा सहज बसत. महामार्गावर पंधरा-सोळा आणि गावात दहाचे ॲव्हरेज मिळाले. खाली ती बुटकी आहे. पाच माणसे बसली की गतिरोधकावर पोट घासते आणि आमच्याकडील खड्ड्यांत पुढच्या चाकांचे बुश लवकर जातात. पेट्रोल सोडून वर्षाला सरासरी पस्तीस हजार खर्च वहीत निघाला.

पण घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मिस्त्रीने पेडलचे झिजलेले रबर दाखवले आणि म्हणाला, "चाचा, ही बेचाळीस हजारांची गाडी नाही." शोध घेतला तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदीत ७१,००० किलोमीटर सापडले. मीटर मागे फिरवले होते. दलालाने हात वर केले. आम्ही फार संतापलो आणि त्या माणसाच्या कमाईविषयी बरेच काही बोललो.

नंतर आमची पाळी आली. २०१९ च्या पावसाळ्यात भिवंडीत गोदामापुढे गाडी उभी असताना सीटपर्यंत पाणी चढले. एक बरे केले की इंजिन चालू केले नाही. पाण्यात बुडालेली गाडी कधीच चालू करू नये, सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर आतला रॉड वाकतो. गाडी ओढून नेली, गालिचे काढले, वायरिंग दुरुस्त केली. ती चालू लागली, पण दमट दिवशी वास येई आणि डाव्या बाजूची काच कधी कधी अडे.

२०२२ मध्ये विकायला काढली. एजंट म्हणाला, "शेठ, दोन दिवस उन्हात ठेवू, अत्तर मारू. पाण्याचे कोण विचारतो? विचारले नाही तर सांगायचे कशाला?" खरे सांगायचे तर ती रात्र आम्ही याच हिशेबात काढली. पन्नास हजारांचा सवाल होता. मनाने पळवाटही काढून दिली, आम्हालाही फसवलेच होते ना.

सकाळी दुकानात ग्रे कापडाची थाने तपासताना मुनीमजी नेहमीप्रमाणे ऐब दिसेल तेथे किनारीला दोरा बांधत होते. आम्ही चाळीस-चाळीस मीटरच्या थानात दोन बोटांचा डाग लपवत नाही, कारण घेणारा परत येतो. गाडी घेणारा परत येणार नव्हता, फरक एवढाच. मग आम्ही ठरवले की गाडीलाही दोरा बांधायचा.

पहिले दोन ग्राहक पाण्याचे ऐकून निघून गेले. गाडी तीन महिने पडून राहिली. घरातूनही बोलणे ऐकले, "सगळ्या जगाची सच्चाई तुमच्याच दारात?" तिसरे धुळ्याकडील एक शिक्षक आले. त्यांना पाणी सांगितले, काच सांगितली, मीटरची कहाणीही सांगितली. त्यांनी आपला मिस्त्री आणून गाडी तपासली आणि बाजारभावापेक्षा ५५,००० रुपये कमी देऊन नेली. ते पैसे आम्हाला जड गेले, हे लपवत नाही. पण झोप हलकी आली.

जुनी घेताना

आमच्या ठोकरीतून वाचकांनी एवढे घ्यावे. गाडीचा नंबर देऊन सर्व्हिसिंगची जुनी नोंद मागावी. टायरवरील चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. सीट मागे सरकवून रुळावरचा गंज पाहावा, पट्टा पूर्ण ओढून चिखलाचा डाग पाहावा. आर. सी. वर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्याव्यात आणि नाव तत्काळ बदलावे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करावा. विकणाऱ्यानेही यात ढिलाई करू नये, नाहीतर दुसऱ्याच्या अपघाताची नोटीस आपल्या दारी येते.

नवी घेताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे; सिटी त्यातच येते. पूर्वी सेस धरून तो ४५ टक्के होता. धंद्यासाठी घेतली तरी या जीएसटीचे क्रेडिट आपल्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही, एजंट काहीही सांगो. आयकरात धंद्याच्या गाडीवर साधारणपणे १५ टक्के घसारा मिळतो; दहा लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी दीड लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्यावर १ लाख २७ हजार ५००. गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी निम्माच. घरच्या वापराचा हिस्सा मात्र प्रामाणिकपणे वजा करावा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सिटी चांगली गाडी आहे आणि ज्याला ऐपत व गरज आहे त्याने ती अवश्य घ्यावी. पण ज्या मालकांशी आम्ही बोललो त्यांचे सुख किंवा दुःख इंजिनातून आले नव्हते. ते चावी कोणाच्या हाती दिली, पैसा कोठून आणला आणि सौदा कसा केला यातून आले होते. गाडी आज ना उद्या विकली जाते, वही आपल्याजवळ राहते.

अल्लाह आम्हा सर्वांना तिजारतीत सचोटीची आणि खर्चात समतोल राखण्याची तौफिक देवो. आमीन.