विषात घोळलेला दाणा : सत्तर वर्षांचा मागोवा

१९५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डायल्ड्रिन, ॲल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर चोळलेले गव्हाचे बियाणे सर्रास पेरले जाऊ लागले. कोवळी रोपे खाणाऱ्या माशीचा बंदोबस्त होत होता आणि विष मातीआड जाते म्हणून ते निर्धोक वाटत होते. पण पेरलेला प्रत्येक दाणा मातीआड जात नाही. काही उथळ पडतात, काही वळणावर सांडतात, आणि पेरणीच्या दिवसांत पाखरांना रानात दुसरे खाणे फारसे नसते.

१९६० आणि १९६१ च्या वसंतात पूर्व इंग्लंडच्या शेतांत रानकबुतरे आणि फेझंट हजारोंनी मरून पडले. १९५९-६० च्या हिवाळ्यात तेराशेच्या आसपास कोल्हेही मेले होते, आणि आधी तो एखादा नवा रोग असावा असे वाटले. ही विषे चरबीत साठतात. दाणे खाल्लेली पाखरे कोल्ह्यांनी खाल्ली आणि विष पुढे सरकले. पक्षिमित्रांच्या संघटनांनी मेलेली पाखरे गोळा करून तपासून घेतली, तेव्हा कुठे १९६१ मध्ये वसंतातल्या पेरणीसाठी ही औषधे न वापरण्याचे ठरले. तोही कायदा नव्हता, आपसांतली समजूत होती. शरदातल्या गव्हाला सवलत राहिली आणि ती पुढे दहा-बारा वर्षे टिकली. माझ्या मते सगळ्यात महाग पडली ती ही अर्धवट बंदी.

त्याच सुमारास कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली, की बहिरी ससाणे फार वाढले आहेत, त्यांचे संरक्षण काढा. पक्षिअभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी देशभर घरटी तपासली, तर चित्र नेमके उलटे निघाले. १९६३ पर्यंत ससाण्यांची संख्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती, कारण विषारी दाणे खाल्लेली पाखरे हीच त्यांचीही शिकार होती. ती तक्रार झाली नसती तर ही मोजणी कधी झाली असती, कोण जाणे.

स्वीडनमध्ये बियाण्याला पाऱ्याचे संयुग लावत. तिथल्या संशोधकांनी संग्रहालयांत जपलेल्या गोशॉक या शिकारी पक्ष्याची पिसे तपासली. एकोणिसाव्या शतकापासून पिसांतला पारा जवळजवळ तेवढाच होता. १९४० नंतर तो एकदम दहा-वीस पटींनी चढला. इतका बोलका पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. १९६६ मध्ये तिथे या संयुगावर बंदी आली. तसलेच पारा लावलेले बियाणे १९७१-७२ मध्ये इराकमधल्या गावकऱ्यांनी भाकरीसाठी दळले आणि साडेचारशेहून अधिक माणसे इस्पितळांत दगावली.

१९९० च्या दशकात बियाण्याला लावायची निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशके आली. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी स्थलांतराच्या वाटेवरच्या चिमण्यांना, प्रक्रिया केलेल्या मोजक्या दाण्यांतून पोटात जाईल एवढेच या गटातले इमिडाक्लोप्रिड दिले. सहा तासांत त्यांचे वजन सुमारे सहा टक्के घटले आणि पुढचा प्रवास सरासरी साडेतीन दिवस लांबला. युरोपीय संघाने २०१८ मध्ये यातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, पण ती बंदी मधमाश्यांसाठी होती. पाखरांचा विचार त्या निर्णयाच्या केंद्रस्थानी नव्हताच.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस भरतपूरच्या केवलादेव परिसरात ॲल्ड्रिनने सारस क्रौंच मेले. ॲल्ड्रिनवर देशात १९९६ मध्ये बंदी आली. आज महाराष्ट्रात कपाशीचे बियाणे इमिडाक्लोप्रिड लावूनच पाकिटात येते आणि ज्वारीला खोडमाशीसाठी त्याच गटातले थायमेथोक्झाम चोळतात. कपाशीची सरकी पाखरे सहसा खात नाहीत. ज्वारीचा दाणा मात्र मोर, होले, तित्तर सगळेच टिपतात. कोरडवाहू शेतकऱ्याला हे औषध सोडा म्हणणे मला रास्त वाटत नाही, कारण दुबार पेरणी त्याला परवडत नाही. त्याच्याकडे मागणे एवढेच : धुऱ्यावर आणि वळणावर सांडलेले दाणे लगेच मातीत बुजवा, आणि उरलेले औषध लावलेले रंगीत बियाणे उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा.